घरच्या बोलीतली कॅसेट

माझ्या भावाची पहिली एकट्याची कॅसेट आली तेव्हा मी तिशी ओलांडलेली, कुंभकोणमच्या एका शाळेत मुलींना गणित शिकवणारी, बिनलग्नाची बाई होते. भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तो मद्रासला चौघांच्या एका रॅप गटात होता, आणि त्या गटाची गाणी तेव्हा कॉलेजच्या पोरांच्या तोंडी होती. माझ्या वर्गातल्या मुलीसुद्धा मधल्या सुट्टीत ती म्हणत आणि मी दारात दिसले की गप्प होत. "टीचर, तो तुमचा तंबी ना?" असं एकीनं धीर करून विचारलं होतं; तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. मी हो म्हटलं आणि फळ्याकडे वळले. मला अभिमान वाटला होता, तो मुलींना दिसू नये एवढंच.

आमचे पूर्वज मराठ्यांच्या अमलात तंजावरकडे आले आणि अंमल गेला तरी राहून गेले. घराबाहेर आम्ही तमिळ. दारात चपला काढल्या की तमिळही तिथेच काढून ठेवायची आणि आत मराठी बोलायची, अशी रीत. ती मराठी इकडची नव्हे. आम्ही 'म्हणून' नाही, 'म्हणोन' म्हणायचो. 'कशाला' नाही, 'कशास'. अर्धे शब्द तमिळ, आणि हेलही तिकडचाच. मी आता पुण्यात राहते, इथली भाषा शिकून घेतली आहे. आमच्या घरातलं बोलणं इथे देते आहे ते बरंचसं इकडच्या वळणाचं करून, नाहीतर कोणी जुनी बखर वाचून दाखवतंय असं वाटेल.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू. ते रेल्वेच्या पार्सल कचेरीत कारकून होते, आणि रामनवमी, गोकुळाष्टमीला आपल्या लोकांच्या घरी कीर्तन करत. निरूपण तमिळमधून, मधे मधे साकी, दिंडी अशा चालींतली मराठी पदं, आणि रंगात आले की कटाव. कटाव म्हणजे झांजेच्या ठेक्यावर श्वास न सोडता धावत म्हणायची रचना. शब्दावर शब्द आदळत जातात आणि शेवटी सगळं नेमकं समेवर येऊन थांबतं. भाऊ लहानपणापासून अप्पांच्या मागे उभा राहून झांज धरायचा. कटाव सुरू झाला की त्याचेही ओठ हलू लागायचे.

समोरच्या घरातले एक गृहस्थ सिंगापूरला होते. त्यांनी एकदा टेपरेकॉर्डर आणला आणि त्याबरोबर काही कॅसेटी. त्यातली एक अमेरिकेतल्या काळ्या पोरांची होती, गाणं नाही, नुसतं ठेक्यावर बोलणं. भाऊ तेव्हा आठवी-नववीत असेल. तो धावत घरी आला आणि म्हणाला, "अक्का, ते लोक पण कटाव म्हणतात!"

ही त्याची सुरुवात. आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे त्या कॅसेटमध्ये तीच आली.

मी एकोणीस वर्षांची असताना माझ्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या. तंजावरच्या दवाखान्यात नेलं तर गाठ निघाली, आणि गाठीबरोबर एका बाजूचा बीजकोश काढावा लागला. डॉक्टरीण बाईंनी आईला समजावून सांगितलं, दुसरी बाजू धडधाकट आहे, मूल व्हायला काही अडचण नाही. आईनं मान हलवली, आणि घरी येईपर्यंत तिनं ठरवून टाकलं की माझं अपेंडिक्स काढलं. सगळ्यांना तेच सांगितलं. आम्हा दोघा भावंडांना बसवून सांगितलं, "हे या घराबाहेर गेलं तर अक्काचं लग्न होणार नाही." आम्ही कबूल केलं. पुढे घरातल्या घरातही तो विषय कोणी काढला नाही. मला स्वतःलाही कधी कधी वाटायचं की अपेंडिक्सच होतं.

तीन वर्षांनी माझं लग्न ठरलं. पापनाशम्‌चं आपल्यातलंच घर, मुलगा विमा कंपनीत. मी त्याला दोनदा भेटले. दुसऱ्या खेपेला त्यानं एक संत्रं सोलून त्याच्या फोडींवरचे पांढरे धागे एकेक करून काढले आणि फोडी माझ्यापुढे ठेवल्या. बोलला फारसा नाही. मला तो आवडला होता.

साखरपुडा झाला. लग्नाला थोडे दिवस राहिले असताना मुलाचे मामा आले. आमच्या बाहेरच्या ओट्यावर बसले, आत यायला तयार नव्हते. पत्रिका पुन्हा पाहायला हव्यात, एवढंच म्हणाले. आम्हाला काय ते कळलं, दवाखान्याची गोष्ट तिकडे पोचली होती. दुसऱ्या दिवशी अप्पा आणि भाऊ साखरपुड्याची साडी आणि साखळी परत करायला बसनं पापनाशम्‌ला गेले. दुपारी परत आले. अप्पांनी विहिरीवर आंघोळ केली आणि जेवायला बसले. तिथे काय झालं हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. भाऊ जेवला नाही, एवढं आठवतं.

पुढच्याच आठवड्यात आई मला तिरुक्करुगावूरला घेऊन गेली. तिथली देवी गर्भ राखणारी. बायका तिथून मंत्रलेलं तूप आणतात. लग्न मोडलेल्या मुलीला घेऊन तिथे जाणं म्हणजे गावभर सांगण्यासारखंच, म्हणून आईनं तिथे भाचीसाठी म्हणून तूप मागितलं आणि बाटली पदराखाली लपवून आणली. रोज संध्याकाळी ती माझ्या तळहातावर बोटभर तूप ठेवायची. मी चाटायचे. दोघी एकमेकींकडे बघायचो नाही.

यानंतरची वर्षं सरळ गेली. मी बी.एड. केलं, नोकरीला लागले. भाऊ पदवी घेऊन मद्रासला गेला, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला. तिथे त्याला ते तिघे भेटले. एक बँडवाल्याचा मुलगा, एक कॉम्प्युटर शिकलेला, एक काहीच न करणारा पण दिसायला देखणा. चौघांनी मिळून तमिळ रॅप सुरू केलं. कॉलेजांच्या जलशांत म्हणू लागले, मग एक कॅसेट निघाली आणि ती चालली. एकदा टीव्हीवर आले. अर्धी गल्ली आमच्या दिवाणखान्यात जमली. चौघे उलट्या टोप्या घालून नाचत होते, बसमधल्या मुलीविषयी काहीतरी म्हणत होते. अप्पांनी सबंध वेळ तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं होतं. लोक गेल्यावर म्हणाले, "श्वास चुकीच्या जागी घेतो." दुसरं काही नाही.

मग एका सुट्टीत भाऊ आला तो सांगत आला की त्यानं गट सोडला.

"भांडण झालं का?" आईनं विचारलं.

"भांडण नाही. त्यांना तेच तेच हवंय. बस, मुलगी, परीक्षा. मला दुसरं काही म्हणायचंय, अम्मा. स्वतःचं." आईला तो लाडात आला की अम्मा म्हणायचा. मद्रासच्या एका छोट्या कॅसेट कंपनीचा मालक तयार झाला होता. भक्तिगीतं काढणारा माणूस, पण गटाची कॅसेट खपलेली पाहून त्याला वाटलं की एकट्याचीही खपेल. भावानं नोकरीही सोडली होती. तो त्या दिवसांत फार बारीक झाला होता. बोलता बोलता मांडीवर बोटं वाजवायचा आणि मधेच हरवायचा.

एकदा तो स्वयंपाकघरात मला मदत करायला म्हणून आला आणि शेंगा मोडता मोडता म्हणाला, "अक्का, दोन गाणी आपल्या घरच्या बोलीत करतोय. कोणी केलं नसेल असं आजवर."

"मालक करू देतो?"

"त्याला वाटतं तेलुगू आहे."

आम्ही दोघं खूप हसलो. कशावर गाणी आहेत हे मी विचारलं नाही. आपली बोली कॅसेटवर येणार याचंच मला अप्रूप वाटलं होतं.

कॅसेट घेऊन तो मे महिन्यात आला. शाळेला सुट्टी होती. ऊन मी म्हणत होतं, कावेरीत नुसती वाळू. दुपारची जेवणं झाल्यावर त्यानं टेप दिवाणखान्यात मधोमध ठेवला. अप्पा झोपाळ्यावर, आई जमिनीवर पाय पसरून, मी खांबाला टेकून. कॅसेटच्या वेष्टनावर त्याचा एकट्याचा फोटो होता, टोपीशिवाय, कॉलरची गुंडी लावलेला. आईनं तो फोटो पदरानं पुसला.

पहिली बाजू तमिळ होती. मला त्यातलं फार कळत नव्हतं असं नाही, पण कान शब्दांपेक्षा ठेक्याकडे जात होता. खाली कुठेतरी मृदंगाचा बोल, वर त्याचा आवाज, आणि तो आवाज आता नाचत नव्हता, चालत होता. अप्पांचा हात झोपाळ्याच्या कडीवर होता. त्यांचं एक बोट कडीवर वाजत होतं, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. भावानं मला डोळ्यांनी दाखवलं. इतका खूश झालेला मी त्याला पुन्हा कधी पाहिला नाही.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं आपल्या बोलीविषयी होतं, गमतीचं. आई हसून हसून डोळे पुसत होती. मग पुढचं सुरू झालं. आधी नुसती झांज. मग त्याचा आवाज, अगदी बेतानं.

"परातींत साडी, साडीवर साखळी,
बापलेक निघाले पापनाशम्‌ गांवीं..."

मी खांबापासून सरळ झाले. पुढे सगळं होतं. बस, ऊन, त्या घराचा ओटा. दवाखाना होता, आईनं सगळ्यांना सांगितलेलं अपेंडिक्स होतं, पदराखालची तुपाची बाटली होती. आणि त्या घरातली बाई म्हणत होती,

"भांडें फुटकें, आधीं सांगणें होतें.
आम्ही काय कल्हई लावोन घेणार होतों?"

आणि त्यावर तो पुन्हा पुन्हा, वेग वाढवत, अप्पांच्याच कटावाच्या चालीत म्हणत होता,

"अप्पा बसोन राहिले, अप्पा कॉफी प्याले,
अप्पा बसोन राहिले, अप्पा कॉफी प्याले."

अप्पा उठले आणि त्यांनी बटण दाबलं. टेप बंद झाल्यावर झोपाळ्याच्या कड्या करकरत राहिल्या.

"कोणाला विचारून केलंस हे?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, शेवटपर्यंत ऐका तरी. शेवटी—"

"कोणाला विचारलंस?"

माझ्या तोंडून शब्द निघाले ते मलाच दुसऱ्या कोणाचे तरी वाटले. "फुटकं भांडं मला म्हणाली का ती?"

इतकी वर्षं मला एवढंच ठाऊक होतं की कुठून तरी त्यांना कळलं आणि त्यांनी नाही म्हटलं. कोणत्या शब्दांत, ते मला ठाऊक नव्हतं. अप्पांनी ते स्वतःजवळ ठेवलं होतं. मला वाटायचं की त्यांना माझ्या दुःखाचं काही नाही, कारण ते कधी त्याविषयी बोलले नाहीत. आता त्यांच्या तोंडाकडे बघितलं तर ते माझ्याकडे बघू शकत नव्हते. त्यांनी खुंटीवरचं अंगवस्त्र घेतलं आणि भर उन्हात बाहेर पडले. आई रडू लागली.

"अक्का," भाऊ माझ्यासमोर येऊन बसला, "तुझ्यासाठी केलंय मी हे. त्या लोकांनी केलं आणि आपणच चोरासारखे गप्प बसलो. कोणीतरी म्हणायला नको का?"

"माझ्यासाठी केलंस तर मला एकटीला म्हणून दाखवायचंस."

"कोणाला कळणार आहे? मद्रासमध्ये आपली बोली कोणाला येते? हजार माणसांनी ऐकलं तर नऊशे नव्वदांना नुसता ठेका कळेल."

"उरलेल्या दहांमध्येच मला राहायचंय रे," मी म्हटलं. "माझी आत्या, माझ्या मावश्या, त्या पापनाशम्‌च्या बाईचं सगळं गोत. तुझी भाषा ज्यांना कळते ना, तेवढंच माझं जग आहे."

हे त्याच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं असं मला आजही वाटतं. मद्रासमध्ये त्याला ती बोली कुलूप लावलेल्या पेटीसारखी वाटली असणार, आत काहीही ठेवावं. किल्ली घरोघरी आहे हे तो विसरला होता.

"ते गाणं काढून टाक," मी म्हटलं.

"दुकानांत गेलीय, अक्का."

"मालकाला सांग. परत मागव."

"बघतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो गेला. अप्पा त्याला स्टेशनवर सोडायला गेले नाहीत. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मद्रासमध्ये ती कॅसेट पडली. गटाच्या चाहत्यांना नाचायला काही मिळालं नाही, आणि ज्यांना असलं काही ऐकायचं असेल त्यांच्यापर्यंत ती पोचली नाही. थोड्याच महिन्यांत मालकानं हात झटकले. पण आमच्या लोकांत? कोणीतरी एक विकत घेतली, तिच्यावरून दुसऱ्यानं भरून घेतली, तिच्यावरून तिसऱ्यानं. तंजावर, तिरुवारूर, थेट बंगलोरपर्यंत. तीनशे वर्षांत आपली घरची भाषा पहिल्यांदा यंत्रातून ऐकू येत होती; लोक कसे सोडतील? पहिलं गमतीचं गाणं ऐकायला म्हणून लोक ती लावत आणि मग दुसरंही ऐकत.

एका मुंजीला गेले होते. बायका भाजी चिरत बसल्या होत्या, मी आत आले आणि विळ्यांचा आवाज तेवढा उरला. मग सगळ्याच एकदम माझ्याशी बोलू लागल्या, गोड. एक चुलती म्हणाली, "तू जड काही उचलू नकोस हो." दवाखान्यातून येऊन मला बारा वर्षं झाली होती. तेवढ्यात अंगणात दोन लहान पोरी टाळ्यांचा खेळ खेळत होत्या आणि त्यांच्या टाळ्यांना शब्द होते, "अप्पा बसोन राहिले, अप्पा कॉफी प्याले." त्यांना अर्थ ठाऊक नव्हता. ठेका चांगलाच होता, दोष देता येत नव्हता. मी पुढ्यात घेतलेली विळी बाजूला सारली, पाणी प्यायला म्हणून उठले आणि मागच्या दारानं घरी निघून आले.

अप्पांचं याहून वाईट झालं. त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीला एका घरी त्यांचं कीर्तन होतं. मी बरोबर होते. पूर्वरंग संपला, आणि नेहमीप्रमाणे यजमानीणबाईंनी त्यांच्यापुढे कॉफीचा पेला केला. तिच्या मनात काही नव्हतं. पण मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं, आणि कोणाला तरी हसू आवरलं नाही. अप्पांचा पुढे झालेला हात तसाच राहिला. त्यांनी पेला घेतला नाही, नकोही म्हटलं नाही. यजमानीणबाईंना तो परत न्यावा लागला. उत्तररंग त्यांनी कसाबसा पुरा केला, कटाव मात्र म्हटला नाही. घरी येताना वाटेत म्हणाले, "आता आवाज साथ देत नाही." आवाजाला काही झालं नव्हतं. पण त्यानंतर त्यांनी कीर्तन केलं नाही. बोलावणी आली की आई सांगायची, त्यांना बरं नाही.

भावाचे फोन शेजारी येत. आई जायची. मी जायचे नाही.

असं वर्ष गेलं. एका रविवारी सकाळी मी ओट्यावर वह्या तपासत होते तेव्हा एक माणूस सायकलरिक्षातून उतरला. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं. माझ्याकडे बघून नमस्कार केला तेव्हा मी ओळखलं. पापनाशम्‌चा तो. ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं.

अप्पांनी त्याला आत बोलावलं. तो झोपाळ्यावर बसला नाही, खालीच बसला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिथून हलली नाही. आमच्या घरातून कॉफी न पिता कोणी गेलेलं मला आठवत नाही, पण त्या दिवशी चूल पेटली नाही. मी वह्या घेऊनच आत गेले.

"मी त्या दिवशी आतल्या खोलीत होतो," तो अप्पांना म्हणाला. "आई बोलली ते ऐकलं होतं. बाहेर यायला हवं होतं. आलो नाही."

अप्पा म्हणाले, "झालं ते झालं."

"माझी मुलगी सात वर्षांची आहे. ती ते गाणं म्हणते. तिला ठाऊक नाही ती बाई म्हणजे तिची आजी."

तो घसा साफ करून पुढे म्हणाला, "आई आता अंथरुणाला खिळलीय. बघायला येणारा प्रत्येक जण तिच्याकडे त्याच नजरेनं बघतो. तुमच्या मुलाला सांगून ते गाणं बंद करता आलं तर... कंपनीकडून काही... मी पाया पडतो."

म्हणजे तो माफी मागायला आला होता, आणि गाणं थांबवायलाही आला होता. माणसं दोन्ही एकदम करतात, त्यात नवल नाही. पण मला जे झालं त्याचं मलाच नवल वाटलं. वर्षभर मी मनात एकच गोष्ट घोकत होते, ते गाणं बंद व्हायला हवं. आता ती गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून आली, आणि माझ्या आतून साफ नकार आला.

"तुमचं नाव आहे का त्यात?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

"नाव घेण्यासारखं तुम्ही काही केलंच नव्हतं. तुमच्या आईचंही नाव नाही. तिचे शब्द आहेत फक्त. ते खोटे आहेत का?"

तो मान खाली घालून बसला.

"मग राहू देत," मी म्हटलं. "मला ऐकायला लागतात, त्यांनाही लागू देत."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. तो उठला, आईकडे बघून हात जोडले आणि गेला. रिक्षा थांबलेलीच होती. मला त्याची दया आली, आणि दया आल्याचा राग आला. आत जाऊन मी उरलेल्या वह्या तपासल्या. त्यात इतक्या चुका केल्या की सोमवारी मुलींनी माझ्या बेरजा दुरुस्त केल्या.

यानंतर भावावरचा राग गेला असं कोणाला वाटेल. नाही गेला. फक्त तो कशाचा आहे हे सांगणं अवघड झालं. त्यानं खोटं काही म्हटलं नव्हतं. जे म्हणायची माझी छाती नव्हती ते त्यानं म्हटलं होतं. पण त्यानं ते माझ्या अंगावरून म्हटलं होतं, मला न विचारता, आणि त्यात अप्पाही चिरडले गेले.

दुसऱ्या वर्षी आईला टायफॉइड झाला तेव्हा तो आला. आता तो बंगलोरला होता, एका स्टुडिओत जाहिरातींचे आवाज जुळवायचं काम करत होता. साबण, बिस्किटं, प्रेशर कुकर. स्वतः काही म्हणत नव्हता. घरात आम्ही आईच्या औषधापुरतं बोलायचो. अप्पा आणि तो एका खोलीत बसायचे आणि दोघे खिडकीबाहेर बघायचे. आईला उतार पडला, आणि तो निघायच्या दिवशी मी त्याच्याबरोबर बसस्टँडपर्यंत चालत गेले. आईनंच पाठवलं होतं. त्रिचीची बस लागायची होती. आम्ही फळवाल्याच्या सावलीत उभे राहिलो.

"मालकाला विचारलं होतंस का?" मी विचारलं. "गाणं काढायला."

"नाही. त्याच्या दुकानाच्या पायऱ्यांपर्यंत गेलो आणि परत आलो. माझ्याकडचं तेवढंच एक चांगलं होतं, अक्का. टाकवलं नाही."

खरं बोलला होता.

मग तो म्हणाला, "त्या गाण्यात एक गोष्ट नाहीय."

"कोणती?"

"अप्पा एकटे नव्हते प्याले." तो समोर उभ्या असलेल्या बसकडे बघत बोलत होता. "दोन पेले आले होते. माझ्या हातात एक दिला. ती बाई बोलत होती आणि मी पीत होतो. गरम होती, तरी घाईघाईनं प्यालो, कारण मला तिथून निघायचं होतं आणि पेला भरलेला कसा ठेवायचा ते कळेना. अप्पांनी दोनच घोट घेतले. पेला मी संपवला."

तो सतरा वर्षांचा होता तेव्हा. मी त्याच्या दंडाला धरलं. इतक्या दिवसांत त्याला हात लावला नव्हता.

"हे का नाही म्हटलंस गाण्यात?"

"लिहिलं होतं. म्हणता आलं नाही. तीन वेळा माइकसमोर उभा राहिलो. मग अप्पांचंच ठेवलं."

"अप्पांना सांग."

"आता?"

"आता नको. पण सांग."

बस लागली. लोक खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरू लागले. तोही धावला. जागा मिळाल्यावर खिडकीशी येऊन त्यानं हात हलवला, आणि मी घरी परत निघाले.

त्यानं अप्पांना सांगितलं की नाही हे मला नक्की ठाऊक नाही. त्यानंतरच्या दिवाळीत तो आला तेव्हा ते दोघे सकाळी फिरायला म्हणून तळ्याकडे गेले आणि दुपारचं जेवण होऊन गेलं तरी आले नाहीत. आल्यावर अप्पांनी आईला एवढंच सांगितलं की याच्या पायाला चपला चावतात, नव्या घ्यायला हव्यात. कीर्तन त्यांनी पुन्हा धरलं नाही. भावानंही दुसरी कॅसेट काढली नाही. मुलं, संसार, बंगलोर यांत तो रमला म्हणावं की अडकला, मला सांगता येत नाही. मी बऱ्याच उशिरा लग्न केलं आणि पुण्याला आले. मूल झालं नाही. त्याचं कारण माझ्या बाजूला होतं की नवऱ्याच्या, हे आम्ही दोघांनी तपासून घेतलं नाही. नको, असं दोघांनी मिळून ठरवलं, आणि ठरवताना मोठ्यानं बोललो, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. एवढं मात्र मी करून घेतलं.